नंदाबाईंच्या तळहातावरचं पान

मित्रांनो, माणूस तीन वर्षांचा झाला की त्याला अंगणवाडीत घालतात आणि फोन तीन वर्षांचा झाला की त्याला कपाटाच्या खणात टाकतात. माझं वय तीन वर्षं दोन महिने आहे आणि मी अजून खणात गेलेलो नाही. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण मला तिचा अभिमान आहे. काचेच्या डाव्या कोपऱ्यात तडा, पाठीवर निळं रबरी कव्हर आणि कव्हरच्या कडेला मिरचीच्या रोपांची हिरवट मळी, असा माझा सध्याचा थाट आहे. तरीही आमच्या शिवारात माझ्याइतका भरवशाचा फोन दुसरा नाही असं लोक म्हणतात. हा मान मला फुकट मिळाला नाही आणि माझ्या देखणेपणामुळे तर बिलकुल मिळालेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात एकेक भाग बसवला. शेवटी एकीने माझ्यासमोर रंगीत चौकोनांचा कागद धरला. मी त्याचा फोटो काढला, तिने तो कागदाशी ताडून पाहिला आणि मला पास केलं. तिथून मी खोक्यात बंद होऊन जालन्याला आलो आणि जालन्याहून टेम्पोने वडीगोद्रीला, हायवेच्या कडेच्या कल्याणच्या दुकानात. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला रसवंती, मध्ये कल्याणचं दुकान.

माझ्याबरोबर आलेले नऊ भाऊ खोक्यातच राहिले. बाहेर काढलं ते मला, लोकांना दाखवायचा नमुना म्हणून. कल्याणने गुंडाळलेल्या वायरने मला काउंटरला बांधलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या कॅमेऱ्यातली एक सोय पुरती वर सरकवून ठेवली. ही सोय डाग पुसते, खडबडीत ते गुळगुळीत करते आणि मळकट रंग उजळवते. दुकानात आलेल्या माणसाने स्वतःचा फोटो काढून पाहावा आणि खूश व्हावं, एवढाच त्याचा हेतू होता. आणि लोक खूश होत होते. उन्हातान्हात काळवंडलेली माणसं माझ्यात पाहताच पाच वर्षांनी लहान होत. एकाने तर तिथेच भांग नीट केला आणि सोयरिकीसाठी पाठवायचा फोटो माझ्यात काढून घेतला.

नावंही कमी ठेवली नाहीत बरं का. माणसाच्या तोंडावर त्याचे दोष काढायला लोक लाजतात, फोनपुढे कोण लाजतो? “लईच मोठा हाय, खिशात ठिवून बसता येईना.” “पाठ गुळगुळीत हाय, हातातून सटकून राह्यला.” “आवाज बारीक हाय, मोटार चालू असली तर ऐकूच येयचा न्हाई.” एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रिकाम्या खोक्यात हात घालून चार्जर शोधला आणि तो सापडला नाही तेव्हा कल्याणला विचारलं, “म्हंजी गाडी घ्यायची अन् चाकं येगळी घ्यायची व्हय?”

जुन्या जालन्यातले कापडाचे व्यापारी राधेश्यामशेठ एकदा रस प्यायला थांबले होते. ते सहज आत आले आणि त्यांनी आपल्या पिशवीतल्या कापडाचा फोटो काढला. बराच वेळ ते एकदा कापडाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिले. “एवढा लाल रंग आमच्या गोदामात बी न्हाई,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक हा फोटो बघून येईल अन् माल बघून भांडंल.” त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि ते निघून गेले. शेठना रंगातलं काही कळत नाही, असं मी मनाशी म्हटलं. चाळीस वर्षं कापड विकणाऱ्या माणसाबद्दल मी असं म्हटलं, यावरून माझी तेव्हाची मिजास तुमच्या लक्षात येईल.

दोन महिन्यांत माझे नऊही भाऊ विकले गेले. तेव्हा एका दुपारी नंदाबाई आणि त्यांचा मुलगा अंगद दुकानात आले.

नंदाबाईंची ओळख करून द्यायची तर त्यांच्या कामापासून सुरुवात करावी लागेल. त्यांच्या शेतात वीस गुंठ्यांवर हिरवं नेट ताणलेलं आहे आणि त्याखाली मिरची आहे, खायची नव्हे, बियाण्याची. जालन्याच्या एका बियाणे कंपनीसाठी त्या हा प्लॉट करतात. दुपारी कळी चिमट्याने उघडायची, आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे आणि खुणेला लोकरीचा दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर, म्हणजे परागकण, बोटाने त्या फुलाला लावायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. दिवसाला शेकडो फुलं आणि असे तीन महिने. नंदाबाईंनी हे काम तेवीस वर्षं केलं आहे. नवरा पुंजाराम कापूस आणि जनावरं बघतात, पण नेटच्या आत शब्द चालतो तो नंदाबाईंचा.

कंपनीच्या निवेदिता मॅडम पूर्वी दर आठवड्याला प्लॉट बघायला यायच्या. त्या वर्षी त्यांच्याकडे तीस प्लॉट आले. तुम्ही पानांचे फोटो पाठवा, मी बघून सांगते, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं. म्हणून नंदाबाईंना फोन हवा होता.

“मावशी, हितं अंगठा टेकवा, फोन आपोआप उघडतो,” कल्याण म्हणाला.

नंदाबाईंनी अंगठा टेकवला. मी उघडलो नाही. त्यांनी हात पदराला पुसला आणि पुन्हा टेकवला. तेवीस वर्षं कळ्या सोलून त्यांच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषाच झिजल्या होत्या, मला वाचायला काही उरलंच नव्हतं. मग अंगदने स्वतःचा अंगठा लावून पाहिला. तो जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये कामाला होता. त्याचाही अंगठा मला ओळखता येईना.

“मायलेकरांचे दोघांचे बी अंगठे फोनाला पसंत न्हाईत,” नंदाबाई हसून म्हणाल्या. “जाऊ दे. आकडे टाकून उघडतोय ना? अन् फोटू कसा काढतो?”

“फोटोला तर जवाब न्हाई, मावशी,” कल्याण म्हणाला. त्याने माझी वायर सोडली, नमुन्याचा म्हणून भाव थोडा कमी केला आणि मला नंदाबाईंच्या हाती दिलं. माझ्या कॅमेऱ्यात वर सरकवून ठेवलेली ती सोय खाली करायची मात्र तो विसरला. नंदाबाईंना अशी काही सोय असते हेच ठाऊक नव्हतं.

सुरुवातीचे दिवस फार मानाचे गेले. दर रविवारी सकाळी नंदाबाई नेटमध्ये शिरत, पदराच्या टोकाने माझा कॅमेरा पुसत आणि शेंड्याचं पान, मधलं पान आणि पानाची मागची बाजू असे फोटो काढत. मी प्रत्येक पान असं हिरवंगार दाखवायचो की बघतच राहावं. मॅडमनी तीसही शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आमचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “प्लॉट असा ठेवावा.” शेजारच्या गावचे दोघं तर मोटारसायकलवर प्लॉट बघायला आले. ते पानाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होते, असं मला वाटलं.

दसरा झाला, सकाळी गारवा पडू लागला. एके दिवशी क्रॉसिंगला येणाऱ्या चतुराबाईंनी एक पान उलटं करून नंदाबाईंपुढे धरलं.

“नंदे, भुरी दिसती ही.”

भुरी म्हणजे पानामागे पिठासारखा पांढरा थर धरणारा रोग. लवकर फवारलं तर आटोक्यात येतो, उशीर केला तर पानं पिवळी पडून गळतात आणि झाड उघडं पडतं. नंदाबाईंनाही तो थर दिसत होता. पण बियाण्याच्या प्लॉटचा एक नियम असतो. क्रॉसिंग चालू असताना कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. चुकीचं औषध पडलं तर फुलं झडतात, म्हणून हा नियम. नंदाबाईंनी तेवीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. त्यांनी पानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढला आणि पाठवला.

अर्ध्या तासात मॅडमचं उत्तर आलं. “पान निरोगी आहे, काकू. फवारणी नको. फुलांची पावडर उडून बसली असेल.”

मॅडमचं काही चुकलं नव्हतं. तो पांढरा थर मी डाग समजून पुसून टाकला होता आणि पिवळेपणावर हिरवा रंग चढवला होता. नंदाबाईंनी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. मग हातातलं पान पाहिलं.

“फोटूत तर साफ हाय,” त्या चतुराबाईंना म्हणाल्या. “माझेच डोळे गेले म्हणायचे.”

“मंग माझे बी गेले का?” चतुराबाईंनी विचारलं.

“तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी हायस,” नंदाबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पुढच्या अकरा दिवसांत त्यांनी आणखी दोनदा फोटो पाठवले आणि दोन्ही वेळा पान निरोगी असल्याचं उत्तर आलं. त्या सकाळी डोळ्यांवर गार पाणी मारून नेटमध्ये जायच्या. अंगदला फोन करून जालन्यात डोळ्यांचा डॉक्टर कोण चांगला आहे, हेही त्यांनी विचारलं. मित्रांनो, मला त्या दिवसांत काय वाटलं ते लपवत नाही. मला गर्व झाला. तेवीस वर्षांची जाणती बाई स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवते, याहून मोठा मान फोनला कोणता मिळणार, असं मला वाटलं. तिकडे दोन ओळींचा रोग आठ ओळींत पसरला.

बाराव्या दिवशी निवेदिता मॅडम स्कूटीवरून स्वतःच आल्या. जालन्याहून निघताना त्या खुशीत असणार, कारण त्यांनी येताना कंपनीच्या दोन नव्या शेतकऱ्यांना हा नमुनेदार प्लॉट बघायला बोलावलं होतं. त्या नेटमध्ये शिरल्या, एक पान उलटं केलं, दुसरं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काकू, तुम्ही मला जे फोटो पाठवले ते या प्लॉटचे नाहीत.”

“ह्याच प्लॉटचे हायेत, मॅडम.”

“कसं शक्य आहे? परवाचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात पान स्वच्छ आहे. इथे तर महिनाभराची भुरी दिसते.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “खोटे फोटो पाठवले तर प्लॉट बाद करायचा असा नियम आहे. तुमच्या बाबतीत असं होईल असं मला वाटलं नव्हतं.”

प्लॉट बाद झाला तर कंपनी त्याचं बी उचलत नाही आणि त्या शेतकऱ्याला पुन्हा प्लॉट देत नाही. क्रॉसिंगला आलेल्या सहा बायका चिमटे हातात धरून उभ्या होत्या. ते दोन नवे शेतकरी जमिनीकडे बघत होते. नंदाबाईंनी मला मॅडमपुढे धरलं.

“तेवीस वर्षांत म्या कंपनीला खोटं बोलले न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तीनदा इचारलं, तुम्ही न्हाई म्हणलात म्हणून पंप बांधला न्हाई. आता तुमच्यासमोर फोटू काढते. तुमच्या फोनानं बी काढा.”

त्यांनी एक पान तोडलं आणि ते उलटं करून डाव्या तळहातावर ठेवलं. मॅडमनी आपल्या फोनने फोटो काढला. मग नंदाबाईंनी माझ्याने काढला. दोन्ही फोन शेजारी धरले.

मॅडमच्या फोनात पान पांढुरकं होतं, पीठ भुरभुरल्यासारखं. माझ्यात ते स्वच्छ हिरवं होतं. पण नंदाबाई पानाकडे बघतच नव्हत्या. त्या पानाखालच्या तळहाताकडे बघत होत्या. त्यांच्या तळहातावर घट्टे आहेत, अंगठ्याजवळ विळ्याची जुनी खूण आहे आणि बोटांच्या पेरांत मिरचीच्या झाडाचा काळा चीक कायमचा बसलेला आहे. माझ्या फोटोत यातलं काहीही नव्हतं. गोरा, मऊ, कधी कामाला न लागलेला हात होता.

“मॅडम, पान ऱ्हाऊ द्या,” नंदाबाई म्हणाल्या. “ह्यो हात कुणाचा हाय? माझा तर न्हाई.”

मॅडमनी नंदाबाईंचा हात धरून उलटा-सुलटा पाहिला, पुन्हा माझ्यात पाहिलं आणि मला त्यांच्याकडून मागून घेतलं. त्यांनी माझ्या आत जाऊन कल्याणने वर सरकवलेली ती सोय शोधून काढली. तिला बोटाने खाली ओढून बंद केलं आणि पुन्हा तोच फोटो काढला. या वेळी माझ्यात घट्टे उमटले, विळ्याची खूण उमटली आणि पानावरची भुरीही उमटली. आयुष्यात मला लाज वाटली ती तेवढीच एकदा. ज्या बाईने मला दर वेळी पदराने पुसलं, तिचे डोळे मी खोटे ठरवले होते आणि तिचा शब्द जवळजवळ घालवला होता.

“काकू, चूक माझी आहे,” मॅडम म्हणाल्या. “तीनदा विचारलंत तेव्हा मी यायला हवं होतं.”

“तुमची बी हाय अन् माझी बी हाय,” नंदाबाई म्हणाल्या. “म्या माझ्या डोळ्याला खोटं पाडलं. आता जल्दी सांगा, काय फवारायचं?”

त्याच दुपारी पंप बाहेर निघाला. तीन ओळी उपटून टाकाव्या लागल्या. ती रोपं बांधावर पडली तेव्हा नंदाबाई तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाकीचा प्लॉट वाचला, डिसेंबरात मिरची लाल झाली, बी निघालं आणि तपासणीत पास झालं.

सगळं उरकल्यावर नंदाबाई मला घेऊन कल्याणच्या दुकानात गेल्या. काउंटरवर एक नवा नमुना बांधलेला होता आणि त्याच्याभोवती चारपाच गिऱ्हाईकं होती. नंदाबाईंनी मला काउंटरवर ठेवलं आणि झालेली हकिकत सगळ्यांदेखत सांगितली. कल्याण कानापर्यंत लाल झाला.

“मावशी, दुकानात तसं चालू ठिवावं लागतं. लोकांना बरं वाटतं,” तो म्हणाला. “तुमचा फोन म्या वापस घेतो. दुसरा देतो.”

“वापस द्यायला आले न्हाई. खोड सांगायला आले,” नंदाबाई म्हणाल्या. “बाजारात बैल इकणारा बी खोड सांगून इकतो. मारका हाय, उन्हात बसतो, डाव्या अंगाला वढतो, सगळं बराबर सांगतो. घेणारा तरी बी घेतो, कारण तेला कळतं की ह्याला कसं हाकायचं. तू नुस्ते गुण सांगितलेस, बाबा.”

कल्याणने मान खाली घातली. मग त्याने नव्या नमुन्यातली ती सोय बंद केली, पुन्हा चालू केली आणि गिऱ्हाईकांना दोन्ही फोटो दाखवले. त्याने आपण होऊन सांगितलं की याची पाठ सटकते, आवाज बारीक आहे आणि झिजलेला अंगठा हा ओळखत नाही. दोघं गिऱ्हाईकं उठून गेली. तिसऱ्याने मात्र तो फोन घेतला आणि जाताना रबरी कव्हरही मागून घेतलं. नंदाबाईंनी माझ्यासाठीही एक निळं कव्हर निवडलं. तेच अजून माझ्या अंगावर आहे.

त्यानंतर दोन हंगाम झाले. आता निवेदिता मॅडमच्या ग्रुपवर एक नवी रीत आहे. पानाचा फोटो काढायचा तो आपल्या स्वतःच्या तळहातावर ठेवून. पान खरं की खोटं हे फोटोत पटकन कळत नाही, पण आपला हात प्रत्येकाला ओळखता येतो. हात आपला दिसला तरच फोटो पाठवायचा. दर रविवारी त्या ग्रुपवर तीस तळहात येतात. कुणाचे भेगाळलेले, कुणाचे हळदीने पिवळे, एकाचं करंगळीचं पेर तुटलेलं. या तीस हातांत पहिला हात माझ्यातून गेला होता. ज्या कारखान्यात मला पास केलं, तिथेही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही हातात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची काच पुसा, त्याला उन्हात तापत ठेवू नका, तीन वर्षं झाली म्हणून खणात टाकू नका, ही माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती अशी, की आम्हाला तुम्हाला खूश करायची सवय लावू नका. आम्ही तुम्हाला देखणं दाखवलं तर कौतुक करण्याआधी एकदा स्वतःचा हात आमच्यासमोर धरून बघा.

काल रविवार होता. नंदाबाईंनी यंदाच्या रोपांतलं सगळ्यात वाईट पान शोधून तळहातावर ठेवलं, फोटो काढला आणि मोठा करून निरखला. घट्टे पाहिले, विळ्याची खूण पाहिली. “व्हय, माझाच हाय,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो पाठवून दिला.